रिकामी पेनं

"पोट दाखवा," सिस्टर म्हणाली.

घड्याळआजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तपासणीची वेळ त्यांनी कधी चुकवली नव्हती, म्हणून सगळ्या वॉर्डानं त्यांचं हे नाव पाडलं होतं. मधुमेहाच्या नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. भाग घेणाऱ्यांनी पेनासारखं दिसणारं ते इंजेक्शन दर आठवड्याला घरीच पोटात टोचून घ्यायचं आणि रिकामी पेनं परत आणून द्यायची. आजींची पेनं दर खेपेला अगदी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी. आणि रक्तातली शुगर? ती मात्र कुणी शिडी लावून दिल्यासारखी वरवर चढत होती.

सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. बेसिनमध्ये ओतून देत असतील? म्हातारी माणसं सुईला घाबरतात, पण मेली तरी कबूल करायची नाहीत. की विकत असतील? बारीक व्हायच्या नादात बाहेर लोक या औषधासाठी वाट्टेल ती किंमत मोजत होते. दिसायला गरीब गाय, पण कुणाचा काय भरवसा!

"आजी, मी काय म्हणतेय?"

शेवटी आजींनी पोट दाखवलं. एखादा निळसर ठिपका, एखादी जुनी खूण, काहीतरी असायला हवं होतं. काही म्हणजे काही नव्हतं. मांडीवर नाही, दंडावर नाही. सिस्टरनं मग त्यांच्या डाव्या पायाचा मोजा उतरवला. अंगठ्याची जखम मागच्या खेपेपेक्षा वाढली होती. कडा काळ्या पडायला लागल्या होत्या.

"असंच चाललं तर पाय कापावा लागेल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की."

"मग औषध जातं कुठे?"

 आजींची नजर क्षणभर दाराच्या काचेकडे गेली, आणि सिस्टरची नजर त्या नजरेच्या मागोमाग.

बाहेरच्या बाकावर आजींचा मुलगा बसला होता. चाळिशीचा. दर खेपेला तोच त्यांना घेऊन यायचा. पहिल्यांदा आला होता तेव्हा सकाळीसकाळी दारूचा असा भपका मारत होता, की वॉचमननं त्याला फाटकाच्या आत घेतलं नव्हतं. आज दाढी केलेली होती. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. शेजारच्या बाईनं बिस्किटांचा पुडा पुढे केला, तर त्यानं हसून मान हलवली.

सिस्टरच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. पडला नसता तर बरं, असंही तिला त्याच क्षणी वाटलं.

"आजी! त्याला टोचताय तुम्ही?"

"हळू बोल गं. आणि डोळे काय वटारतेस? तूच तर सांगितलंस."

"मी?"

"याच खुर्चीत बसून. तो रिटायर झालेला ड्रायव्हर म्हणाला ना तुला, सुई सुरू झाल्यापासून ग्लास समोर असला तरी प्यावंसं वाटत नाही म्हणून? तू धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलंस. काय खूश झाले होते डॉक्टर!"

खरं होतं. त्या दिवसापासून प्रत्येकाला दारूबद्दल विचारायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सिस्टरनं विचारलंही होतं, सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात.

"ते अजून सिद्ध व्हायचंय हो. एका माणसाला वाटलं म्हणून..."

"दोघांना," आजी म्हणाल्या.

"त्याला काही झालं असतं म्हणजे?"

"रोज होतच होतं की काहीतरी. परवा परवापर्यंत लोक उचलून आणून टाकायचे त्याला दारात."

"त्याला माहीत आहे, काय टोचताय ते?"

"ताकदीची सुई आहे म्हणून सांगितलंय. आईचं औषध म्हटलं तर घेईल का तो? पीत होता गं, पण मनाचा वाईट नव्हता कधी." आजींनी चष्मा काढून पदराला पुसला. "आता मला विचारतो, आई, जेवलीस का? मी काय सांगू तुला, मला आधी कळेचना काय उत्तर द्यायचं ते."

सिस्टरला रडू येतंय की राग येतोय, तिचं तिलाच समजेना. टेबलावरचा पेनांचा नवा डबा तिनं उचलला, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली.

"मला डॉक्टरांना सांगावंच लागेल. तुमची पेनं आजपासून बंद. पायाचं बघू, वेगळे उपचार करू. अजून वेळ गेलेली नाही."

"माझं राहू दे. माझ्याऐवजी त्याचं नाव घाल."

"नाही घालता येत आजी. हा अभ्यास शुगर असलेल्यांचा आहे. त्याला शुगर नाही."

"मुळीच नाही?"

"नाही. नशीब समजा."

आजींनी मोजा चढवला. जखमेला लागू नये म्हणून अगदी सावकाश. काचेतून एकदा मुलाकडे पाहिलं. तो उठून त्यांच्या चपला सरळ करून ठेवत होता.

मग त्या सिस्टरच्या कानाशी वाकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"पोरी, शुगर लवकर व्हायला काय काय खायला घालावं लागतं गं?"