आतली कड

वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मागच्या चाकांशी गुडघे टेकून बसायचे. एकदा माझ्याच सुसाट गाडीच्या चाकामागे त्यांचा हात कोपरापर्यंत गेलेला दिसला आणि माझं डोकंच फिरलं.

"काय चाललंय, काका?"

त्यांनी माझा हात धरून टायरच्या आतल्या कडेवर ठेवला. बाहेरून नवा कोरा दिसणारा टायर. आत मात्र बोटाला तार टोचली.

"या गाड्यांचा पिकअप जबर. मागचे टायर आतूनच झिजतात. आजच्या आज बदल."

"वाचवलंत, काका! तुमची गाडी कुठली?"

"लेकीची होती. निघताना म्हणाली, बाबा, टायर बघा ना जरा."

"मग?"



"बघितले ना. असेच, उभ्या उभ्या."