पडलेला दात

"अनोळखी नंबरवरून कोणी मीच शंतनु म्हणलं, तं आधी दाताचं विचारजो, आई," असं शंतनुनं पुण्याला नोकरीवर जाताना बजावलं होतं. त्याचा पहिला पडलेला दात कुठं ठेवला, हे फक्त त्या मायलेकांनाच ठाऊक होतं.

आज तो सुट्टीवर जळगाव जामोदला आला होता. सकाळी आल्यापासून त्याचं पोट काही भरत नव्हतं. शारदाबाई भाकरी थापत होत्या आणि मागं पाटावर त्याचं चावणं चाललं होतं.

ओट्यावरचा फोन वाजला.

"आई, माहा फोन हरवला. हा दोस्ताचा नंबर. बस नांदुऱ्यातच बंद पडली, जेवायले थांबू नको."

शारदाबाईंना हसू आलं. चोरानं नेमकी चुकीची वेळ गाठली होती! गंमत म्हणून त्यांनी दाताचं विचारलं.

उत्तर लगेच आलं.

"आबाच्या चुन्याच्या डबीत."

तव्यावरची भाकर करपू लागली.

"शंतनु," त्यांनी मागं न वळताच विचारलं, "तुह्या पडलेल्या दाताचं काय केलं होतं रे आपण?"

चावणं थांबलं.

"माहा तं एकबी दात कधी पडला नाही, आई."