गादीपुढचा नमस्कार

मुग्धाचा पूर्वरंग संपत आला, तरी गिरिधररावांचा पत्ता नव्हता. यमुताईंचं अर्धं चित्त लेकीच्या कीर्तनात, अर्धं देवळाच्या दाराशी.

"काहून दाराकडे पाहून राहिली वं यमू?" शेजारच्या भागीरथाबाईंनी कोपराने ढोसलं. "येतीन नं साहेब. वेळेवर आला, तं त्याले मंत्री कोन म्हनन?"

यमुताई हसल्या, पण ओठांपुरत्या.

यमुताईंचे यजमान गिरिधरराव आधी अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मग दैनिकाचे संपादक. इतवारी बाजारातले धान्यवाले गिऱ्हाईक थांबवून त्यांचा अग्रलेख वाचत. सरकारी सूतगिरणी विकू नका, म्हणून त्यांनी आकडे मांडमांडून सरकारला घाम फोडला होता. त्या पुण्याईवर निवडून आले, मंत्री झाले, आणि गिरणीच्या विक्रीवर सही त्यांचीच पडली.

मुग्धा त्यांच्याच दैनिकात बातमीदार होती. "बाबा, आता तुमचं मी काय छापू?" एवढं विचारून ती घराबाहेर पडली. नोकरी सोडली, आजोबांकडून शिकलेलं कीर्तन हाती घेतलं. गेल्या वर्षभरात इतवारीतली एक गल्ली तिने सोडली नव्हती. बिदागीला हात लावत नसे. लोक तिला देवमाणूस म्हणत.

बाप-लेक पुन्हा बोललेली आपल्या कानांनी ऐकावीत, एवढंच यमुताई रोज पांडुरंगाकडे मागत.

आजचा घाट त्यांचाच. पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालायचा आणि लहानथोर सगळ्यांनी पाया पडायचं, ही रीत. नारदाच्या गादीवर उभी असते ती तेवढा वेळ कुणाची लेक नसते. बापालाही वाकावं लागतं. हार गिरिधररावांनी घालावा का, असं त्यांनी दोघांना वेगवेगळं विचारलं होतं. दोघंही चटकन हो म्हणाले. यमुताईंनी देवापुढे साखर ठेवली.

दाराशी गलबला झाला. गिरिधरराव चपला काढून थेट गादीपुढे आले. टाळ थांबले. विश्वस्त गोपाळरावांनी हार त्यांच्या हातात दिला. मुग्धाने मान झुकवली. आणि भल्याभल्यांपुढे न वाकलेला तो माणूस लेकीच्या पायांशी वाकला.

"पाह्य वं यमू, बाप वाकला!" भागीरथाबाईंनी पुन्हा कोपराने ढोसलं.

विठ्ठलनामाचा गजर उठला. खांबाशी देवाजी बसला होता. गिरणी गेल्यापासून हमाली करणारा, गिरिधररावांचं नाव निघालं की थुंकणारा. तोही उठला, हात जोडले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागला.

"जाऊ द्या," तो शेजाऱ्याला म्हणाला. "पोरीनं माफ केलं, तं आपन कोन?"

यमुताई नमस्काराला पुढे सरकल्या. नवऱ्याशेजारीच त्यांनी गादीपुढे डोकं टेकलं. आशीर्वादासाठी मुग्धाही खाली वाकली. एका हाताने तिने माईक दूर सारला आणि बापाच्या कानाशी तोंड नेलं. लेक बापाशी बोलत होती! यमुताईंनी कान दिला.

"येत्या निवडणुकीत माझं इतवारीचं तिकीट पक्कं नं, बाबा?" मुग्धा म्हणाली. "काल फोनवर तुम्ही नुसतंच बघतो म्हणालात."