दहावा राजीनामा

छप्पन साली राज्य बदललं, आमचा कारभार भोपाळला गेला आणि आमच्या विणकर सोसायटीच्या नोंदणीच्या अर्जाला तिथून हिंदीत उत्तर आलं: ‘दसों सदस्याओं का राजीनामा भेजें।’ सरकारला आम्ही नकोत, असं मी समजले. इतवारा मोहल्ल्यातल्या नऊ विधवांना मीच घरोघर फिरून जमवलं होतं. आता मीच एकेकीच्या कागदावर ‘राजीनामा’ लिहून अंगठा घेतला. त्यांच्यातली सोजरबाई म्हणाली, “बाई, तुमीच म्हनत होत्या, कामासाठी कोनाच्या दारी जायचं नाही.” मी तिचाही अंगठा घेतला आणि नऊ कागद भोपाळला धाडले. स्वतःचा राजीनामा मात्र लिहवेना. महिनाभर एकटीच रिकाम्या हातमागांवरची धूळ पुसत राहिले. मग दुसरं पत्र आलं: ‘नौ मिले, आपका बाकी।’ शेजारचे तिवारी मास्तर ते वाचून हसले. “बाई, हमारे यहाँ राजीनामा मतलब संमती!” मला सही येते. तरी दहाव्या कागदावर अंगठाच लावला आणि शाई न पुसता सोजरबाईच्या दारी गेले.