एकच फोन चालू

लग्न ही बघण्याची नव्हे, ऐकण्याची गोष्ट आहे, असं व्हिडिओवाल्याचं ठाम मत होतं. चित्र हललं तर लोक माफ करतात, आवाज गेला तर सात पिढ्या उद्धरतात, हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला गंभीर चेहऱ्याने सांगत असे. या तत्त्वापायी त्याने पदरचं काय घातलं होतं, तर एक वायरचा कॉलरमाईक, एक जुना मोबाईल आणि वारा लागू नये म्हणून माईकवर चढवायला बायकोच्या लोकरी मोज्याचा कापलेला अंगठा.

आज सकाळी त्या जुन्या मोबाईलची बॅटरी फुगली आणि त्याची पाठ उघडी पडली. मग त्याने स्वतःचा, रोजच्या वापरातला फोन माईकला जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मुलीच्या वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशात सरकवला.

"टोचत नाही ना?"

"गुदगुल्या होतायत," वडील म्हणाले. आवाज घोगरा, अर्धा वाराच. सोमवारी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढणार होते.

मुलीने व्हिडिओवाल्याला आधीच बाजूला घेतलं होतं. "दादा, सह्या नाही आल्या, अंगठ्या नाही आल्या, तरी चालेल. बाबांचं बोलणं तेवढं आलं पाहिजे. कळतंय ना, मी काय म्हणते ते?"

"निर्धास्त राहा, ताई," तो म्हणाला होता.

सह्या झाल्या. वडील बोलायला उठले. त्याआधी व्हिडिओवाल्याने पुढे येऊन साठ पाहुण्यांना मोबाईल पूर्ण बंद करायला लावले. नुसते मुके नव्हे, बंद. "आवाजात खरखर येते," असं त्याने दरडावून सांगितलं. एका आजोबांचा फोन तर त्याने स्वतः हातात घेऊन बंद केला. मग तो हॉलच्या टोकाला, कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला, आणि तिथे त्याच्या लक्षात आलं.

साठ फोन बंद होते. एकच चालू होता.

त्यात सिमकार्ड होतं. कॉल येऊ नयेत म्हणून जे एक बटण दाबायचं असतं, ते दाबायचं राहिलं होतं. कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं. आणि बायको रोज एकच्या ठोक्याला फोन करून "जेवलात का?" विचारते. बारा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात एकला तीन मिनिटं होती.

"तुझा फोन दे," तो शेजारच्या फोटोवाल्याच्या कानात म्हणाला.

"बंद करायला लावलास ना आत्ता? तुझा कुठंय?"

"त्यांच्या खिशात."

फोटोवाल्याने वडिलांकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, आणि गुपचूप आपला फोन सुरू करून दिला. तो सुरू व्हायला एक मिनिट गेलं. व्हिडिओवाल्याने अंगठ्याने आकडे दाबायला घेतले आणि थांबला. बायकोचा नंबर त्याला पाठ नव्हता. पाठ असा जगात एकच नंबर होता, स्वतःचा.

"मग स्वतःलाच लाव," फोटोवाला कुजबुजला. "म्हणावं, उचलू नकोस."

वडील बोलू लागले होते. लोक पुढे झुकून ऐकत होते. "ही दोन वर्षांची असताना..." ते म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. व्हिडिओवाल्याने ठरवलं, जायचं, साठ माणसांदेखत त्यांच्या कोटात हात घालायचा. तो पुढे निघाला. तिसऱ्या पावलाला खिसा वाजला.

वडिलांनी छातीवर हात ठेवला. मग फोन बाहेर काढला, माईकच्या वायरीसकट, आणि सभ्य माणूस असल्यामुळे उचलला.

"हॅलो... नाही, ते कामात आहेत... नाही जेवले अजून. मी बघतो त्यांच्याकडे... मी मुलीचा बाप बोलतोय... हो, छान झालं सगळं. मुलगी खूश आहे, अजून काय पाहिजे? ठेवू?"

हॉल हसला. वडिलांनी वायर उपटून फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पुढे सहा मिनिटं बोलले. लोकांनी डोळे पुसले. आजोबा तर हुंदके देत होते. व्हिडिओवाला जिथल्या तिथे उभा होता, एक पाय पुढे टाकलेला.

कपडे बदलण्याच्या खोलीत, खुर्च्यांच्या थप्पीमागे, त्याने सगळं ऐकलं. कॅमेऱ्यात सहा मिनिटं पंखा होता. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये कोटाचं अस्तर, मग "ही दोन वर्षांची असताना", मग काही नाही. तो तिसऱ्यांदा ऐकत होता तेव्हा दार उघडलं.

"आला ना, दादा?" मुलगी म्हणाली. "बाबांचा आवाज?"

तो फोनची बटणं उगाच दाबत राहिला. तेवढ्यात फोनवर कॉलची यादी दिसली. गिऱ्हाइकं बोललेला शब्द फिरवतात, म्हणून त्याच्या फोनवर प्रत्येक कॉल आपोआप साठवला जात असे. त्याने एकच्या कॉलचं रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

तिने ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती खुर्चीवर बसली, आणि आवाज इतका स्वच्छ होता की व्हिडिओवाल्याला दोन हातांवरूनही "मुलगी खूश आहे" ऐकू आलं.

मग तिने एक कान मोकळा केला.

"मधे मधे बोलणारी ही बाई कोण?"

"माझी बायको."

"हिला काढता येईल?"

त्याने खरं ते सांगितलं. दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर होते, एक काढला की दुसराही जाणार होता.