प्राचीची कावीळ

धर्मराज शेठनी तबकातला चाव्यांचा जुडगा उचलला. "प्रणित, पुढं ये," ते म्हणाले. प्रणित पुढे झाला. अंगात नवा कोरा झब्बा, कपाळावर गंध, आणि गळ्यात आधीच हार पडल्यासारखा चेहरा.

"एक मिनिट, शेठ," प्राची म्हणाली.

ऑफिसातली दहा-बारा माणसं वळून बघू लागली. दसऱ्याच्या पूजेत असं मध्येच कुणी बोलत नसे. नव्या साइटच्या चाव्या शेठ दसऱ्यालाच देत, आणि ज्याच्या हातात देत तो त्या साइटचा इनचार्ज. कागद मागाहून निघे. पनवेलात शेठच्या तीन बिल्डिंगी अशाच उभ्या राहिल्या होत्या. यंदा चाव्या होत्या विचुंब्याच्या चौदा मजली टॉवरच्या. प्राची इथे आठ वर्षं होती. जुडगा आजवर तिच्या हाती आला नव्हता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ती दीड महिना घरी होती. ऑफिसात तिने कावीळ सांगितली. खरा आजार होता बायपोलर. आधी आठवडाभर डोळ्याला डोळा नाही, घरभर नुसती बडबड आणि धावपळ. मग एकदम दात घासायला उठायचीही ताकद नाही. चांगले डॉक्टर मिळाले, गोळ्या लागू पडल्या, ती कामावर आली. "ऑफिसात सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले होते. तिने ठरवलं, नाही. वेडी ठरलेल्या बाईच्या हातात कोण साइट देणार? कामावर आली त्या दिवशी चहावाल्या ठमाबाईने तिच्यासाठी चिरनेरहून काविळीचा पाला आणला होता. तोही तिने गुपचूप पर्समध्ये ठेवला.

मग एका शनिवारी दवाखान्याच्या बाकावर शेजारी प्रणित. मावशीला घेऊन आला होता. त्याने दारावरची पाटी वाचली, प्राचीच्या हातातली फाइल पाहिली आणि हसला. सोमवारी त्याच्या साइटचे कागद तिच्या टेबलावर आले.

"प्राचीताई, कावीळ बरी आहे ना?"

बस, एवढंच. धमकी नाही की आवाज चढवणं नाही. मेला गोड बोलून राबवत होता. वर्षभर त्याचे करारनामे तिने तयार केले, चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन तिने घेतले, महानगरपालिकेला पत्रं तिने लिहिली. खाली सही त्याची. ती नाही म्हणायला तोंड उघडायची, की तो काविळीची चौकशी करायचा. प्राचीला त्याचा इतका संताप यायचा, की सकाळची गोळी घेताना देवाआधी त्याचं नाव आठवायचं.

पंधरा दिवसांपूर्वी तिने ठरवलं, सांगून टाकायचं. तेही दसऱ्याला, त्याचा हात चाव्यांपर्यंत पोचता पोचता. याला कुणी धैर्य म्हणू नये. हा सूड होता, आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

"प्रणितला एकच विचारते," ती म्हणाली. "तुझ्या आत्ताच्या साइटची बी विंग तयार आहे. मग ओसी, लोकांना राहायला द्यायचा दाखला, का अडलीय?"

वर्षभर हाताखाली असलेली साइट. प्रणितने घसा खाकरला. वर पंख्याकडे पाहिलं. मग नेहमीच्या सवयीने, उत्तरासाठी, प्राचीकडेच पाहिलं.

ठमाबाई फिसकन हसली. शेठचा हात होता तिथेच थांबला.

"आगीच्या पंपाची टेस्ट राहिलीय म्हणून," प्राची म्हणाली. "दोनदा पत्र गेलंय. सही याची आहे, पत्र माझं. वर्षभरातली सगळीच पत्रं माझी आहेत, शेठ."

प्रणितचे कान लाल झाले. पण ठेवणीतला बाण त्याच्याकडे होता. "प्राचीताई," तो अगदी काळजीने म्हणाला, "कावीळ उलटलेली दिसतेय."

"मला कावीळ झालीच नव्हती." ती सगळ्यांकडे वळली. "मला बायपोलर आहे. मनाचा आजार. गोळ्या चालू आहेत, जन्मभर घ्याव्या लागतील, आणि त्या घेऊन मी दोन माणसांचं काम करते. याने मला दवाखान्यात पाहिलं, आणि त्या धाकावर वर्षभर राबवलं. आता मीच सांगितलं. घे, कर काय करायचं ते!"

तिला फार बरं वाटलं. प्रणितचा उतरत चाललेला चेहरा तिने डोळे भरून पाहून घेतला. मग बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी दचकेल, कुणी तोंडावर हात ठेवेल, अशी तिची अपेक्षा होती. कुणीच दचकलं नाही. अकाउंटवाले कृष्णकांत जमिनीकडे बघत होते. ठमाबाईने पदर डोळ्यांना लावला होता.

"बस, पोरी," शेठ हळूच म्हणाले. "आमाला ठावं हाय. सगल्यांनाच ठावं हाय. यानंच येऊन सांगितलेलं, गेल्या दसऱ्याच्या आधी. तवा चाव्या तुलाच द्यायच्या ठरलेल्या. मंग म्हनलं नको, पोरीच्या डोक्याला तरास व्हायचा. तुला वाईट वाटंल म्हनून कोन तोंडावर बोललं नाय."

शेठचे डोळे खरोखर पाणावले होते. प्रणितकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चार महिन्यांपूर्वी ऑफिसात चिकटलेल्या आपल्या भाच्याला, परेशला, त्यांनी हाक मारली आणि जुडगा त्याच्या हातात ठेवला.

सकाळी प्राची घरून निघाली, तेव्हा तिला एकाच माणसाचा सूड घ्यायचा होता.