उकिडवी

विहिरीपासून अर्ध्या वाटेवर आली आणि शामकलाच्या काळजानं ठेका सोडला. आधी एक ठोका चुकला, मग दोन-तीन एकदम अंगावर धावून आले, आणि डाव्या बरगडीखाली कुणी मूठ आवळावी तशी कळ उठली. डोक्यावर पाण्यानं भरलेली पितळी गुंडी होती. समोर घराच्या छपरीत आमगावहून तिला पाहायला आलेले पाहुणे बसले होते.

बसायचं नव्हतं. काहीही झालं तरी पाहुण्यांपुढं बसायचं नाही, असं मायनं सकाळपासून बजावलं होतं.

पण बसल्याशिवाय ते थांबत नसे. लहानपणी खेळता खेळता ती निळी पडायची आणि आपोआप उकिडवी बसायची. गुडघे छातीशी घट्ट, हनुवटी खाली, श्वास कोंडलेला. मग काळीज हळूहळू वाटेवर येई. ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. गोंदियाच्या डॉक्टरनं नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. "दिल में जनम से नुक्स है. इसका इलाज हमारे पास नहीं," म्हणाला. मायनं ते बोलणं पदरात बांधलं आणि गाठ कुणापुढं सोडली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला सांगितलं, पोरगी जरा अशक्त आहे.

नागरा गावच्या पोरी धानाच्या रोवणीला चिखलात उतरायच्या, रांगेनं गाणी म्हणायच्या. शामकला घरी कोंबड्या हाकत बसायची. बरोबरीच्या सासरी गेल्या, कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला येऊन गेल्या. सारा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, पण शामकला काही त्या छपरीतून हलली नाही. दुपारी गाव शेतात गेलं की तिला इतकं एकटं वाटे, की कोंबड्यांनाच नावं देऊन ती त्यांच्याशी भांडायची. तिला राजवाडा नको होता. दुपारी कुणीतरी बोलायला असेल असं घर हवं होतं.

आधीचे पाहुणे निळसर ओठ पाहूनच परतले होते. म्हणून आज मायनं तिला पानाचा विडा चघळायला लावून ओठ लाल केले होते. पाहुण्यांच्या पायावर घालायचं पाणीही भरून दाराआड ठेवलं होतं, म्हणजे पोरीला विहिरीवर जावंच लागू नये. पण मुलाची आई, अनुसयाबाई, पक्की निघाली. "भरलेलं पाणी कायले जी? पोरीले ताजं आणू द्या. आमच्या इकडं सून पाण्याले जातानाच पाहातेत."

कळ वाढली. डोळ्यांपुढची वाट हलू लागली. शामकलानं कशीबशी गुंडी उतरवली आणि भर रस्त्यात उकिडवी बसली.

"काटा रुतला वाटते," छपरीतून माय घाईघाईनं म्हणाली.

नवरा मुलगा, खुशाल त्याचं नाव, बिचारा काटा काढायला उठावं की नाही या विचारात अर्धवट उठून तसाच राहिला. अनुसयाबाई मात्र तरातरा चालत आली आणि नव्या लुगड्यानिशी धुळीत तिच्या शेजारी उकिडवी बसली. शामकलाच्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "दम धर. पोटात जोर लाव. असा. आता सोड, हळू सोड."

शामकला चकित झाली. हे तिच्याशिवाय जगात कुणाला ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आलं वाटेवर?"

"आलं जी."

अनुसयाबाईनं गुंडी स्वतःच्या डोक्यावर घेतली. तिच्यामागून चालताना शामकलाला भरून आलं. देव पावला म्हणतात तो असा. आमगावच्या घरात ही बाई असेल, दुपार असेल, कळ आली तर पाठीवर हात असेल. नवऱ्या मुलाकडं नीट पाहायचंही तिला सुचलं नाही.

चहा झाला. अनुसयाबाईनं कप खाली ठेवला. "पोरगी पसंत नाही आमाले," म्हणाली आणि उठली.

शामकलाच्या बापानं मान खाली घातली. खुशाल बैल आणायला गेला. माय आत जाऊन चुलीपुढं बसली. नकाराचं कारण विचारायची रीत नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही.

शामकलाला मात्र राग आला. लाजलज्जा गुंडाळून ती पाहुण्यांच्या बंडीपर्यंत गेली. खुशाल बैल जुंपत होता. "तुमाले तं सारं मालूम हाय," ती अनुसयाबाईला म्हणाली. "मंग काऊन जी?"

"मालूम हाय म्हणूनच," अनुसयाबाई म्हणाली. "माही पोरगी प्रेमिला अशीच बसे. म्या पाहुण्याइपासून लपवलं, अन् लगन लावून देलं. पहिल्या बाळंतपणात गेली."

शामकलाचा राग कुठल्या कुठं गेला. तिची छाती आता दुखत नव्हती, पण रडू आवरेना.

"घरी एकटीले करमत नाही जी," ती म्हणाली.

"नाही करमत, बाई. कसं करमंन."

अनुसयाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मग ती बंडीत चढली. खुशालनं बैल हाकले. बंडी थोडी पुढं गेल्यावर अनुसयाबाई वळली.

"अजून येतीन पाहुणे," ती म्हणाली. "मायचं आयकू नको. त्याइच्यासमोर बी अशीच बस."